सहा सवतींचे टाक

एका राज्यात एकदा एक जावई आला आणि त्या राज्याचं हसू घेऊन निघून गेला. ती झाली मागची गोष्ट. ज्यांना ती ठाऊक असेल त्यांनी खुशाल पानाला चुना लावत बसावं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी कान इकडे द्यावा, थोडक्यात सांगतो.

राजाचं नाव धारेश्वर. पोटी मुलगा नाही, दोन मुली. थोरली पद्मावळी, धाकटी केतकावळी. थोरलीला मागणी घालायला मधुरंग नावाचा राजपुत्र आला. सावळा, कुरळ्या केसांचा. त्याचा आवाज असा, की दारावरचे भालदार भाले खाली ठेवून ऐकत बसले. ‘पाच वेळा मांडव घातला, पाचही वेळा कपाळ फुटलं,’ असं त्याने सांगितलं आणि सारी सभा पदर-उपरणी ओली करून बसली. लग्न झालं. पाचव्या दिवशी पद्मावळी झोपाळ्यावर निपचित पडलेली सापडली. अंगावर जखम नाही, ओठांवर विष नाही, नाडीला ठोका नाही. आणि जावईबापू घोड्यासकट गडप!

नवल एवढंच, की तिचा देह काळवंडला नाही. वेणीतली शेवंती सुकली, ती सुकली नाही. राजाने चिता रचू दिली नाही. पूर्वेच्या दालनात तिला निजवलं, दासी रोज तिचे केस विंचरू लागल्या, आणि अशी दोन वर्षं गेली. इथवर मागची गोष्ट. आता पुढची ऐका. ही केतकावळीची आहे.

केतकावळी म्हणजे काय विचारता! वीस वर्षांची पोर, पण चालायला लागली की सरदार बाजूला होत. घराण्याचा अभिमान नाकाच्या शेंड्यावर. आणि त्या अभिमानाला दोन वर्षं एक काटा रुतून बसला होता. तो कसला, ते आधी सांगायला हवं.

त्या राज्यात रीत होती, की बिजवराशी लग्न करणाऱ्या मुलीने आधी गळ्यात सवतीचा टाक घालायचा. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला मेलेल्या बायकोचा मुखडा, बोटाच्या पेराएवढा. नवऱ्याने ओताऱ्यासमोर बसून तिच्या खुणा सांगायच्या, ओताऱ्याने ठोकायचं. गेलेलीचा मान आधी, मंगळसूत्र मागून. बरं, ती चांदीही साधी नव्हे. राजवाड्याच्या मागच्या खाणीतली. खोटी खूण सांगितली की तडकायची, सांगणारा स्वतःचंच सांगत बसला की काळी पडायची.

पद्मावळीच्या लग्नात मधुरंग म्हणाला होता, “शुभकार्यात मेलेल्यांची नावं कशाला, महाराज?” असा काही म्हणाला, की राजाने मान डोलावली, भटजींनी डोलावली, सात पिढ्यांची रीत एका गोड वाक्यात पाण्यात गेली. तीच चूक. दुसऱ्या कुठल्या राज्यात ती चूक ठरलीही नसती. पण धारेश्वर राजा तेव्हापासून आरशात बघेनासा झाला, आणि केतकावळी मनाशी म्हणे, आमच्या घराने सवतींचा मान चुकवला, म्हणून माझी अक्का गेली.

तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षात वाजतगाजत एक नवा राजपुत्र आला. नाव सांगितलं ललितसेन. गोरा, घारा, सरळ नाकाचा. तोंड उघडलं मात्र, भालदारांनी भाले खाली ठेवले! असाच आवाज मागे एकदा ऐकला होता, हे कुणाच्या म्हणजे कुणाच्या ध्यानात आलं नाही. गोड आवाजाची जादूच ती. मागचं सगळं पुसून टाकतो. तो म्हणाला, “महाराज, मला राज्य नको, हुंडा नको. धाकट्या राजकन्येचा हात द्या.”

केतकावळी वरच्या सज्जात जाळीआड उभी होती. खाली चौघडा झडत होता, म्हणून शब्द काही तिच्यापर्यंत पोहोचले नाहीत. पण राजपुत्र मुजऱ्याला वाकला, मंदिल घसरला, आणि तिला त्याचा उजवा कान दिसला. पाळीवर चंद्रकोरीसारखा नखाचा वण.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो वण तिचाच होता!

झालं होतं असं, की लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान मुलीच्या भावाचा. इथे भाऊ नाही, म्हणून पद्मावळीच्या लग्नात केतकावळीच पुढे झाली होती. त्या दिवशी तिला गालगुंड झालेलं. दोन्ही कानांत कोमट तेलाचे बोळे. नवरदेव काय बोलतोय ते तिला काडीचं ऐकू येत नव्हतं. तिने कान असा पिळला की नख रुतलं, आणि वर खदखदून हसली. मधुरंग तिच्याकडे बघतच राहिला होता. माझ्या आवाजाला न भुलणारी ही पहिली बाई, असं त्या शहाण्याने मनाशी धरलं. कापसाचे बोळे काही त्याला दिसले नाहीत.

तोंड बदलता येतं बाबांनो, पण मानापानात मिळालेली खूण कुठल्या मंत्राने जात नाही.

केतकावळी ओरडली नाही. ओरडून काय होणार? शिपाई पकडायला जातील, तो दोन शब्द बोलेल, शिपाई त्याचाच घोडा धरून उभे राहतील. ती जिना उतरून वाड्यामागच्या बांबूच्या बेटात गेली. तिथे एक भारद्वाज राहत होता. लाल डोळे, तपकिरी पंख, हातभर शेपूट. दिसला की लोक नमस्कार करीत, त्यामुळे स्वारी जरा फुशारलेली असे. पण जाणता होता, आणि माणसासारखं बोलत असे.

“भारद्वाजा,” ती म्हणाली, “अक्काचा मारेकरी परत आलाय.”

“ठाऊक आहे. कान मीही बघितला.”

“तो मारतो कसा?”

“ते डोंगरावरच्या जोगिणीला ठाऊक. विद्या तिनेच दिली त्याला. पण ती एका प्रश्नाला एक पीस घेते. शेपटीचं.” आणि भारद्वाजाने मोठ्या कष्टाने मागे वळून आपल्या शेपटीकडे पाहिलं.

“माझी अक्का तिकडे निजलीय आणि तू पिसं मोजतोस?”

“जातो, जातो! एवढं बोलायला नको.”

तो तीनदा गेला, तीनदा आला. पहिलं पीस दिलं, उत्तर आणलं: त्याची सारी मोहिनी आवाजात आहे, त्याच्याच तोंडून ऐकलं तरच चढते. दुसरं पीस दिलं, उत्तर आणलं: त्याच्या गळ्यात पोवळ्यांची माळ आहे. जिला मारलं तिचा प्राण एका मण्यात. सहा राज्यांत सहा जणी अशाच निजलेल्या आहेत. तो खरं प्रेम शोधतो आहे. मोहिनीविना जी त्याच्यावर प्रेम करील तिचा प्राण सातवा मणी व्हायचा. तो ओवला की तो अमर, आणि त्या सहा जणींची राख. तिसरं पीस देऊन आला तेव्हा शेपूट पार लांडं झालं होतं. उत्तर असं: मणी चोरून सुटत नाही, तोडून तुटत नाही. ज्याने प्राण घेतला त्याने स्वतःच्या तोंडाने तिची खरी ओळख सांगितली, तरच सुटतो. पण जोगीण हसत होती. म्हणाली, ‘त्याने एकीकडेही नीट बघितलेलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांत तो स्वतःलाच बघत होता.’

केतकावळी उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रंग चढला. “खरी ओळख सांगायची ना? मग आमच्या घराण्यात त्याची रीतच आहे.”

दुसऱ्या दिवशी भर दरबारात ती वडिलांच्या शेजारी येऊन बसली. कानांत बोळे, खांद्यावर लांडा भारद्वाज. राजपुत्राला सांगण्यात आलं, की वाग्दत्त वधूने वराचा आवाज थेट ऐकायचा नसतो. आपलं बोलणं पक्षी पोचवील. तो गालात हसला. अशी मानी बायको त्याला हवीच होती.

“विचार,” केतकावळी भारद्वाजाला म्हणाली, “आपलं आधी लग्न झालं होतं का?”

आता हा प्रश्न म्हणजे त्याचं ठरलेलं जाळं! दुःखी बिजवराला बघून बाईच्या पोटात कालवतं, हे त्याला पक्कं ठाऊक. तो डोळे मिटून म्हणाला, “सहा वेळा माझ्या आयुष्यात चांदणं आलं, राजकन्ये, आणि सहाही वेळा नियतीने ते ओंजळीतून सांडलं.” सभेत हुंदका फुटला. प्रधानाने नाक पुसलं.

भारद्वाज केतकावळीच्या कानाशी खरखरला, “कूप्, कूप्! सहा बायका मेल्या म्हणतोय. उगाच चांदणंबिंदणं लावतोय.”

“तर मग आमच्या रीतीने सहा टाक घडले पाहिजेत,” ती म्हणाली. “सहांच्या खुणा आपण सांगायच्या. सहाही माझ्या गळ्यात पडतील, तेव्हा सातवं मंगळसूत्र पडेल. एक कमी पडला तरी लग्न नाही.”

“शुभकार्यात मेलेल्यांची नावं—” त्याने सुरुवात केली, आणि राजाची मान पुन्हा हलणार, एवढ्यात केतकावळीने विड्याचं तबक पुढे सरकवलं.

“हिंमत असेल तर विडा उचला. नसेल तर वेस मोकळी आहे.”

भर दरबार बघत होता. असल्या माणसाला सगळं सोसतं, पण बाईसमोर माघार सोसत नाही. त्याने विडा उचलला. मनात म्हणाला, राण्या भुलल्या, ओतारी काय चीज!

पण गिरमाजी ओतारी ही वेगळीच चीज होती. पन्नास वर्षं ठोके घालून म्हाताऱ्याचे कान ठार बहिरे झालेले. ओठ बघून समजून घ्यायचा. चांदीला तर कान नसतातच.

सकाळी ओतारशाळेत भट्टी पेटली. एका बाजूला राजपुत्र, समोर गिरमाजी, पलीकडे पडद्याआड केतकावळी. राजा, प्रधान, मानकरी ओळीने बसले. गिरमाजीने सांगितलं, “एकेका टाकाला तीन खुणा. तोंड कसं होतं, काय आवडायचं, शेवटी काय बोलली. बोला, पहिली कशी होती?”

“मुख चंद्रासारखं. डोळे कमळासारखे. चाल हंसासारखी.”

पहिल्या ठोक्याला पत्रा तडकला. गिरमाजी वैतागला. “चंद्र आम्हीही बघितलाय, राजे. बाईचं सांगा.”

तो दिवस असाच गेला. नऊ पत्रे तडकले. राजपुत्राची नासिका चाफेकळी झाली, कंठ शंख झाला, केस मेघ झाले, आणि चांदी आपली तडकतेच आहे!

दुसऱ्या दिवशी त्याने वाट बदलली. “तिला मी आवडायचो. माझ्यावाचून तिला अन्न गोड लागत नसे. शेवटी तिने माझंच नाव घेतलं.” चांदी तडकली नाही, पण तव्यासारखी काळी पडली. सहा बायकांच्या सहा गोष्टी, आणि सगळ्यांत तोच एकटा. मानकरी एकमेकांकडे बघू लागले.

संध्याकाळी तो चिडून म्हणाला, “खोट माझी नाही, रीतीची आहे. नव्या बायकोने सवतीची हकिगत आपल्या कानांनी ऐकायची असते. इथे पक्षी ऐकतोय. चांदी धरेल कशी?”

गिरमाजीने कपाळाला हात लावला. रीत खरोखरच तशी होती. त्याच्या आजाने त्याला तसंच शिकवलं होतं.

भारद्वाज घाबरून म्हणाला, “नाही म्हण. उठून चालती हो. बोळे काढलेस की संपलं.”

“रीतीवर बोट मी ठेवलं,” केतकावळी म्हणाली, “आता ती गैरसोयीची झाली म्हणून मोडू? एकदा मोडली, त्याचं फळ तिकडे पूर्वेच्या दालनात निजलंय.”

“आणि भुललीस तर?”

“भुलले तर भुलले. भुललेली माणसंही शब्द पाळतात.”

तिसऱ्या दिवशी पडदा निघाला. बोळे निघाले. ती त्याच्या समोर, दोन हात अंतरावर बसली, आणि म्हणाली, “बोला.”

तो बोलला. दोनच शब्द बोलला, “राजकन्ये, आलात?” लपवण्यात काय अर्थ? आवाज कानांतून थेट काळजात उतरला. पाय हलके झाले, भट्टीची धग कळेनाशी झाली. पण तिने नजर खाली नेली नाही. डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, “मला चंद्र नको. पहिली हसायची कशी, ते सांगा.”

असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याने भट्टीकडे तोंड वळवलं. मग हळूच म्हणाला, “तोंडावर हात धरून. पुढच्या दोन दातांत फट होती. तिला लाज वाटायची.”

गिरमाजीने ठोका घातला. पत्रा तडकला नाही.

“काय आवडायचं?”

“कैरी. तिखटमिठाशिवाय. नुसती.” त्याचा त्यालाच अचंबा वाटला. “शेवटी म्हणाली, खिडकी लावा, वारा येतोय.”

चांदीवर मुखडा उठला, फटीच्या दातांसकट. माळेतला एक मणी पांढरा पडला आणि टचकन फुटला. त्याच क्षणी तिकडे पश्चिमेच्या राज्यात शशिप्रभा राणी उठून बसली आणि “माझी वेणी कुणी सोडली?” म्हणून दासीवर खेकसली.

त्याने गळा चाचपला. आता त्याला कळलं, हा काय खेळ आहे! चेहरा पांढराफटक झाला. उठून पळाला असता तर कुणी अडवलं नसतं. पण समोर केतकावळी बसली होती, आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती जसं कुणी कधीच बघितलं नव्हतं. खरं बोलणाऱ्या माणसाकडे बघतात तसं. त्या नजरेचा त्याला मोह पडला. दुसऱ्यांना मोह घालत फिरणारा तो, स्वतः सापडला!

“दुसरी,” ती म्हणाली.

दुसरी डावखुरी होती. तिसरीला पावट्याची उसळ आवडायची आणि ती शिळी खायची, ताजी नाही. चौथीच्या हनुवटीला देवीचा एक वण होता, आणि ती शेवटी म्हणाली होती, आईला कळवू नका. पाचवी गुणगुणायची, सूर सोडून. पाच टाक ओळीने ठेवले गेले, पाच मणी फुटले, पाच राज्यांत पाच घरी गुढ्या उभारल्या गेल्या.

माळेत एकच मणी राहिला. त्याने तो मुठीत धरला.

“हा राहू दे,” तो म्हणाला. “राजकन्ये, हा एवढा राहू दे. हाही गेला तर मी कुणीच नाही. आवाज जाईल, रूप जाईल. पाच दिल्या ना? त्यांच्या बदल्यात एक मला ठेवा. तुम्ही माझ्या व्हा. तुम्हाला ह्या माळेत ओवणार नाही, शपथ घेतो.” आणि उरलीसुरली सारी मोहिनी त्याने त्या आवाजात ओतली. ओतारशाळेतली माणसं हमसून रडू लागली. राजासुद्धा म्हणाला, “केतकी, होय म्हण गं.” कान असलेल्यांत एक तीच कोरड्या डोळ्यांनी बसली होती.

पण तिला होय म्हणावंसं वाटलं. हे मी सांगतो, कारण तिने ते कधी नाकारलं नाही. ओठ गोल झाले होते ‘हो’ म्हणायला. दोन्ही हातांनी तिने बसायचा पाट घट्ट धरला. बोटं पांढरी पडली.

“विडा सहांचा उचललात,” ती म्हणाली. “आणि सहावी सवत माझी सख्खी बहीण आहे. तिचा मान ठेवल्याशिवाय मी तुमच्याकडे मान वर करूनही बघणार नाही. मग माझं काळीज फुटलं तरी बेहत्तर!”

लोक दचकले. बहीण? राजाच्या डोळ्यांवरची झापड सर्रकन उतरली. तो उठायला लागला, पण केतकावळीने हातानेच थांबवलं.

राजपुत्राने हळूहळू मूठ सोडली.

“पद्मावळी,” तो म्हणाला, आणि नाव घेताना पहिल्यांदाच त्याच्या आवाजात गोडवा नव्हता. “डाव्या भुवईत एक चीर. लहानपणी झोपाळ्यावरून पडलेली. तिला दुधाच्या भांड्याची खरवड आवडायची. राजाची मुलगी, पण शिंपला घेऊन स्वतः खरवडत बसायची. बोटं चाटायची.”

केतकावळीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. खरवडीसाठी दोघी बहिणी किती भांडल्या होत्या! चांदीवर भुवई उठली, चीर उठली.

“शेवटी काय बोलली?” गिरमाजीने विचारलं.

“काहीच नाही.”

पत्र्याच्या कडेला तडा गेला.

“माझं नाव घेतलं.”

चांदी काळवंडली. गिरमाजी हातोडी वर धरून थांबला. म्हणाला, “राजे, आता एकच ठोका सोसेल हा पत्रा.”

राजपुत्राने कपाळावरचा घाम पुसला. मग तो अगदी साध्या, घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मी बाहेरून आलो होतो. ती झोपाळ्यावर बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘दमलेले दिसता. जेवलात का?’”

भट्टीत एक निखारा फुटला. तो पुढे म्हणाला,

“बाकीच्या सगळ्या म्हणायच्या, प्राणनाथ, तुमच्यासाठी जीव देईन. ते माझी मोहिनी बोलायची, मला कळायचं. हिने जेवलात का म्हटलं. मला वाटलं, एवढंसंच? ह्यात मी कुठे आलो? हिच्याही काळजात मी नाही. म्हणून माळ तिच्या गळ्याला टेकवली.” त्याने तोंड झाकून घेतलं. “ज्याला शोधत होतो ते समोर येऊन बोललं, आणि मला ओळखता आलं नाही.”

गिरमाजीने शेवटचा ठोका घातला. टाक उठला. सहावा मणी फुटला, आणि माळेचा नुसता दोरा गळ्यात राहिला. गोरा रंग उतरला, घारे डोळे गेले. कुरळ्या केसांचा, थकलेला, सावळा मधुरंग सगळ्यांना दिसला. भालदारांनी आता कुठे भाले उचलले.

एवढ्यात पूर्वेच्या दालनातून आरडाओरडा झाला. दासी धावत सुटल्या होत्या. त्यांच्या मागून भिंतीला धरत धरत, पावलं मोजत, पद्मावळी येत होती. राजा अनवाणी धावला. केतकावळी सगळ्यांना ओलांडून पुढे गेली आणि बहिणीला अशी मिठी मारली की तिला श्वास घेता येईना. “अगं सोड, आत्ताच तर आलाय तो,” पद्मावळी म्हणाली. मग दोघी रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. ते मी काय सांगू!

राजा गरजला, “ह्याला हत्तीच्या पायी द्या!”

“बाबासाहेब,” पद्मावळी म्हणाली, “ह्यांनी जीव माझा घेतला होता. न्याय मी करीन. पण आधी पान वाढा. आपल्या घरातून कुणी उपाशी शिक्षेला जात नाही.”

भर ओतारशाळेत पाट मांडला, रांगोळी काढली, वरणभात वाढला. मधुरंग जेवायला बसला. पहिला घास घशाखाली उतरेना, दुसरा उतरला. रडत रडत त्याने पान स्वच्छ केलं. पद्मावळीने ताकाचा पेला स्वतः पुढे ठेवला आणि मग शिक्षा सांगितली, “इथून अनवाणी निघायचं. उरलेल्या पाचही राज्यांच्या वेशीवर जाऊन, चांदीला सांगितलंत ते तिथल्या आईबापांना सांगायचं. तिच्या खुणांसकट. ज्या वेशीवर मारतील तिथे मरायचं. पाचही वेशींवरून जिवंत सुटलात तर कुठेतरी नांगर धरून जगा. माझ्या दारी पुन्हा येऊ नका.”

जिवंत माणसाचे टाक घरात ठेवू नयेत, म्हणून गिरमाजीने ते सहाही तिथल्या तिथे वितळवले. एकही टाक केतकावळीच्या गळ्यात पडला नाही, तेव्हा लग्नाचा शब्दही तिथेच मिटला. राजाने वेशीवर शिळा बसवून कोरलं, की सवतीचा मान राजानेही माफ करू नये. आणि त्या दिवशी तो आरशात बघून मिशीला पीळ देताना दिसला. भारद्वाजाचं शेपूट? वाढलं हो, सहा महिन्यांत.

मधुरंग निघाला तेव्हा वेशीपर्यंत त्याला पोचवायला केतकावळी स्वतः गेली, हातात भाला घेऊन. वेशीत तो थांबला. आता त्याच्या आवाजात काहीच जादू नव्हती. कुणाही वाटसरूचा असावा असा आवाज.

“एक विचारू?”

“विचार.”

“तुझं माझ्यावर प्रेम बसलं होतं का? मोहिनीचं नव्हे. खरं.”

भालदारांनी माना खाली घातल्या. केतकावळीने मान ताठ ठेवली.

“बसलं होतं,” ती म्हणाली. “सहाव्या टाकाला. तू खरं बोललास तेवढा वेळ.”

त्याचे डोळे भरून आले. त्याने हात पुढे केला. “मग?”

“मग काही नाही. प्रेम माझं आहे, माझ्यापाशी राहील. ते कुणाच्या माळेत ओवायला नसतं.”

तिने भाला जमिनीवर आपटला. दरवाजा लागला, अडसर पडला, आणि ती बहिणीकडे परत निघाली. चौघडा वाजत होता. तिचं मन भरून आलं होतं, पण पाऊल एकदाही अडखळलं नाही. कहाणी इथे टेकली. मानाने ऐकलीत, मानाने उठा.